संभाजीनगरचे दरवाजे फॅमिलीसोबत नीट कसे बघायचे : तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

आमच्याकडे दिवाळीत आणि मे महिन्यात पाहुणे असतातच, वेरूळ-अजिंठा करायला आलेले. निघायच्या दिवशी मी विचारते, दरवाजे बघितले का? तर उत्तर ठरलेलं, "हो बघितले की, गाडीतून." मग लक्षात येतं की ते एका कमानीखालून गेले, मागे पाच गाड्या हॉर्न मारत होत्या, कुणीतरी काचेतून एक हललेला फोटो काढला आणि संपलं. एवढे खर्च करून, सुट्ट्या काढून यायचं आणि चारशे वर्षांचा दरवाजा दहा सेकंदात मागे टाकायचा, मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून पाहुण्यांना मी जे तोंडी सांगते तेच इथे क्रमाने लिहितेय. इतिहास लागेल तेवढाच सांगणार.

१. आधी वार ठरवा, मग बाकीचं

अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. दरवर्षी कुणीतरी यात फसतंच. सोमवारी सकाळी अजिंठ्याला निघतात, शंभर किलोमीटर जाऊन परत येतात, दुपारी दोनला शहरात पोचतात आणि मग म्हणतात चला आता दरवाजे बघू. तेव्हा पोरं झोपेला आलेली, आजी दमलेल्या, डोक्यावर ऊन आणि रस्त्यावर शहराची सगळी गर्दी.

दरवाज्यांना तिकीट नाही, सुट्टी नाही, बंद व्हायची वेळ नाही. आणि म्हणूनच लोक ते उरलेल्या वेळात ढकलतात. उलटं करा. दरवाज्यांसाठी एक सकाळ राखून ठेवा, साडेसहा ते नऊ, एवढीच. नऊनंतर ऑफिसं, शाळा, रिक्षा सगळं एकदम रस्त्यावर येतं. जमलं तर रविवारची सकाळ घ्या, फक्त त्या दिवशी जाफर गेटकडे जाऊ नका, तिथे आठवडी बाजार असतो आणि मोंढ्याकडचा रस्ता भरून जातो.

सावधान : १४ एप्रिलला भडकल गेटला नुसता दरवाजा बघायला म्हणून जाऊ नका. तिथे बाबासाहेबांचा पुतळा आहे, त्या दिवशी पूर्ण परिसर माणसांनी भरलेला असतो. जयंतीसाठी जायचं असेल तर जरूर जा, पण मग दरवाजा दुसऱ्या दिवशी. तसंच १४ जानेवारीला, नामविस्तार दिनाला (मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं तो दिवस), विद्यापीठ गेटकडचे रस्ते दिवसभर गजबजलेले असतात. विद्यापीठ गेट काही शहराच्या जुन्या कोटातलं, म्हणजे तटबंदीतलं नाही, पण या शहरात दरवाजा म्हटलं की असंख्य लोकांच्या डोळ्यासमोर आधी तेच येतं, आणि नतमस्तक व्हायला लांबून लांबून माणसं येतात. तुम्हालाही जायचं असेल तर मकाई गेट झालं की बेगमपुऱ्याकडून पुढे तिकडेच जाता येतं, त्याच सकाळी जोडून घ्या.

२. बावन्न नाही, तीन

"बावन्न दरवाज्यांचं शहर" हे वाचून येणारे लोक यादी घेऊन येतात. बावन्नातले आता मोजकेच उभे आहेत, आणि जे आहेत ते सगळे एका दिवसात करायला गेलात तर पाचव्या दरवाज्यानंतर पोरं गाडीतून खालीच उतरत नाहीत. तीन निवडा. मी हे तीन सांगते :

भडकल दरवाजा. सगळ्यात जुना. मलिक अंबरने मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून १६१२ मध्ये बांधला. शहराचा कोट औरंगजेबाच्या काळात १६८२ च्या सुमारास झाला, म्हणजे हा दरवाजा कोटाच्या सत्तर वर्षं आधीचा. हे माहीत नसलं की लोक इथे तटाची भिंत शोधत बसतात.

मकाई दरवाजा. काही जण मक्काई म्हणतात. कोटाचा पश्चिमेचा दरवाजा, मक्केच्या दिशेचा म्हणून हे नाव. समोर खाम नदी आणि नदीवर पूल. बाजूला बुरूज, वर चऱ्या, म्हणजे माथ्यावरचे दाते. शहरात शिरायचा दरवाजा म्हणजे काय हे याच्याकडे बघून सगळ्यात चांगलं कळतं.

दिल्ली दरवाजा. उत्तरेचा. जवळच हिमायत बाग आणि सलीम अली सरोवर, त्यामुळे ज्यांना दगडमातीत रस नाही अशा घरच्या मंडळींनाही सकाळ वाया गेली असं वाटत नाही.

चौथा हवाच असेल तर महमूद दरवाजा, कारण तो पाणचक्कीला लागूनच आहे आणि पाणचक्की तुम्ही तशीही बघणारच. पैठण गेट मुद्दाम सकाळच्या यादीत घेऊ नका, ते संध्याकाळचं काम आहे, शेवटी सांगते.

३. आदल्या दिवशी दौलताबाद करा

हा टप्पा जवळजवळ सगळे उलटा करतात, म्हणजे आधी शहर आणि मग वेरूळच्या वाटेवर दौलताबाद. माझं म्हणणं आहे दौलताबाद आधी, दरवाजे नंतर. कारण शहरातले दरवाजे आता रस्त्यात एकटे पडल्यासारखे उभे आहेत, तट तुटलाय, कितीतरी ठिकाणी दाराच्या फळ्या नाहीत, त्यामुळे लहान मुलांना ती नुसती मोठी कमान दिसते. दौलताबादला खालच्याच दरवाज्यांत फळ्यांवर लांब टोकदार लोखंडी खिळे अजून आहेत, हत्तीने डोकं लावून दार फोडू नये म्हणून बसवलेले. एक दार ओलांडलं की समोर सरळ वाट मिळत नाही, वळावं लागतं, म्हणजे हत्तीला किंवा घोड्याला धाव घ्यायला जागाच नको.

माझ्या भाच्याने तिथे खिळ्याच्या उंचीकडे बघून विचारलं होतं, "मामी, हे माझ्या डोक्याच्या एवढे वर का?" मी म्हटलं हत्तीचं कपाळ कुठे येतं बघ. त्याने हात वर करून मोजलं, आणि दुसऱ्या दिवशी मकाई गेटखाली उभा राहून स्वतःच सांगायला लागला की इथे दार असेल, इथे अडसर असेल. एवढं कळलं की बाकीचं समजावून सांगावं लागत नाही.

चेक : दरवाजे बघण्यापुरतं दौलताबाद म्हणजे किल्ल्याचा फक्त खालचा, सुरुवातीचा भाग. आजी-आजोबांना वर न्यायची गरज नाही. त्यांना पहिले दरवाजे दाखवून सावलीत बसवा, ज्यांना चढायचंय त्यांनी चढावं. सीताफळांचा सीझन असेल तर परत येताना रस्त्यालगतच मिळतात, बसून खाल्ली की तेवढाच आराम.

४. मॅप लावताना

इथे इतके लोक चुकतात की हा वेगळा टप्पाच केलाय.

पहिली गोष्ट, शहराचं नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं. जुने ब्लॉग, जुनी बुकिंगं, नातेवाइकांचे जुने मेसेज यात औरंगाबाद असेल. हॉटेल किंवा तिकीट शोधताना दोन्ही नावं टाकून बघा, आणि ड्रायव्हर बाहेरचा असेल तर त्यालाही सांगून ठेवा की दोन्ही एकच.

दुसरी गोष्ट, नुसतं "दिल्ली गेट" टाकू नका. दिल्ली गेट दिल्लीत आहे, अहिल्यानगरमध्ये आहे, पुण्यात शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा आहे. पुण्याहून येताना वाटेत अहिल्यानगर लागतं, त्यामुळे फोनने तिकडचं दाखवलं तरी पटकन शंका येत नाही. नावापुढे शहर लिहा आणि पिन उघडून फोटो तपासा.

तिसरी गोष्ट बाहेरच्या माणसाच्या लक्षातच येत नाही. इथे दरवाज्यांची नावं आता वस्त्यांची आणि बाजारांची नावं झालीत. रोशन गेट, कटकट गेट, पैठण गेट म्हटलं की रिक्षावाला तुम्हाला त्या भागात सोडणार, चौकात किंवा दुकानांपाशी, आणि त्याचं काहीच चुकलेलं नसतं. म्हणून बसायच्या आधीच सांगा, "दादा, जुन्या कमानीपाशी सोडा, आम्हाला दरवाजाच बघायचाय." एवढ्या एका वाक्याने अर्धा तास वाचतो.

५. माणसं आणि बॅग

दरवाज्यांपाशी टॉयलेट नाही, बसायला बाक असेलच असं नाही, सावली फक्त कमानीखाली. हॉटेलवरून निघतानाच सगळ्यांना जाऊन यायला सांगा, पुढची सोय पाणचक्की किंवा बीबी का मकबऱ्याला पोचल्यावरच धरा.

बॅगेत पाण्याच्या बाटल्या, टोप्या, आणि एक-दोन ओढण्या किंवा रुमाल, कारण पाणचक्कीच्या आवारात बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा आहे, आत जायचं तर डोकं झाकून, चपला काढून जावं लागतं. उन्हाळ्यात इथे पारा चाळिशी सहज गाठतो, त्यामुळे मे महिन्यात येणाऱ्यांनी साडेसहाचं सहा करावं. घरात गुडघे दुखणारं कुणी असेल तर घडीचं स्टूल घ्या. आम्ही एकदा घेतलं आणि तेव्हापासून ते गाडीतून काढलंच नाही.

आणि मुलांचं. दरवाजा म्हणजे शेवटी रस्ताच आहे. दोन मुलांमागे एक मोठा माणूस असं चालणार नाही, एका मुलाला एक मोठा माणूस. कोणाचा हात कोण धरणार हे गाडीतच ठरवा. खाली उतरल्यावर सगळे वर बघत असतात आणि प्रत्येकाला वाटतं पोरगं दुसऱ्याजवळ आहे.

६. गाडी लांब लावा

सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा. गाडी दरवाज्यातून न्यायची नाही. दरवाज्याखाली थांबवायची तर मुळीच नाही.

काही वर्षांपूर्वी आमची गाडी मकाई गेटमध्ये शिरली, समोरून टेम्पो आला. दोघांनाही मागे घेता येईना कारण दोघांच्याही मागे रांग. शेवटी आमच्या गाडीचा आरसा दगडाला घासत, आत्या डोळे मिटून रामराम करत आम्ही बाहेर पडलो. आरशाचं काही नाही, नवीन आला. पण नंतर चालत जाऊन बघितलं तर दगडावर, कंबरेएवढ्या उंचीवर, आमच्यासारखे कितीतरी ओरखडे, काही ठिकाणी चुना उडून आतली वीट उघडी पडलेली. या दरवाज्यांना शत्रूच्या हत्तींपेक्षा आपल्या गाड्यांनीच जास्त मारलंय, आणि हे मी अगदी जबाबदारीने लिहितेय.

त्यामुळे : आधीच्या रुंद रस्त्यावर कडेला जागा बघून गाडी लावा किंवा रिक्षा तिथेच सोडा, आणि शेवटचे दोनशे-तीनशे पावलं चाला. डागडुजीच्या कामांमुळे कुठला रस्ता कधी बंद असेल, कुठे बाजूने वळवला असेल हे बदलत राहतं, त्या दिवशी जवळच्या चहावाल्याला विचारा, त्याला सगळं माहीत असतं.

चेक : गाडीतून उतरण्याआधी ठरवा की परत कुठे भेटायचं. अमुक दुकानाची पाटी, अमुक झाड, असं काहीतरी नक्की. "दरवाज्यापाशी भेटू" असं म्हणू नका, दरवाज्याला दोन बाजू असतात आणि मधे ट्रॅफिक.

७. बघायचा क्रम : बाहेरून, खालून, आतून

बहुतेक लोक शहराच्या आतून येतात, आतली बाजू बघतात, फोटो काढतात आणि परत फिरतात. दरवाजा बांधलाय बाहेरून येणाऱ्यासाठी. त्याचा सगळा रुबाब, बुरूज, चऱ्या, उंच कमान, बाहेरच्या अंगाला आहे. म्हणून आधी दरवाजा ओलांडून बाहेर जा, मागे न बघता. मकाईला तर पूल ओलांडून पलीकडे जा आणि मग वळा. पुलावर फुटपाथ आहे की नाही ते आधी बघून घ्या, नसेल तर एका रांगेत, कडेने चाला.

आता तिथून दोन-चार मिनिटं नुसतं बघा. मुलांना विचारा, तुम्हाला आत शिरायचंय आणि दार बंद आहे, तर कुठून शिराल? नदी आहे, पूल एकच आहे, वरून माणसं बघतायत. त्यांना दोन मिनिटात कळतं की इथे कोट का बांधला.

मग चालत पुलावरून परत या आणि कमानीखाली कडेला थांबा. वर बघा, छत कसं पेललंय. दोन्ही अंगांच्या भिंती हाताच्या अंतरावरून बघा : दगड कुठे संपतो आणि वीट कुठे सुरू होते, जुना चुना कुठला आणि डागडुजीचा नवीन कुठला. जुना चुना मळकट, खरबरीत दिसतो आणि त्यात बारीक खडी असते, नवीन एकसारखा सपाट. पहारेकऱ्यांच्या देवड्या शोधा. दाराचा अडसर सरकवायला भिंतीत केलेली खोल भोकं आणि दार फिरायची दगडी खोबण शोधा. सगळ्याच दरवाज्यांना हे शिल्लक असेलच असं नाही, पण शोधायचं ठरवलं की मुलं आपोआप भिंतीकडे राहतात, रस्त्याकडे जात नाहीत, हा माझा मोठा फायदा.

मग शेवटी आतली बाजू. आत येऊन वळून बघा, बाहेरून एवढा दरडावणारा दरवाजा आतून किती साधा दिसतो. दोन्ही बाजूंना तटाचे तुटके कोपरे दिसतात का बघा, तिथे तट जोडलेला होता.

सावधान : वर चढायचा जिना उघडा दिसला तरी विचारल्याशिवाय चढू नका. भिंतीवर पाय टेकवून फोटो नको, नावं तर अजिबात नको. आणि भोकात हात घालू नका, पोरांना आधीच बजावून ठेवा, पाली असतात, विंचूही असू शकतो.

फोटोचं एकच सांगते. मकाईचं बाहेरचं तोंड पश्चिमेला, म्हणजे सकाळी त्या बाजूला सावली. सकाळी डोळ्यांनी बघायला मस्त, फोटो मात्र संध्याकाळी उन्हं तिरपी झाली की खुलतो. फॅमिली फोटो सकाळी आतल्या बाजूने घ्या, रस्त्याच्या कडेला उभे राहून. मधोमध उभं राहून "एकच मिनिट" करू नका. भडकलला तर नकोच, तिथे गाडी कुठून येईल सांगता येत नाही.

८. सकाळचा क्रम

साडेसहाला भडकल, कारण इथेच सगळ्यात आधी ट्रॅफिक सुरू होतं. वीस मिनिटं पुरे. इथे बाहेर-आत असं शोधू नका, चारी बाजूंनी फिरा आणि लांबूनही बघा, जवळ गेलं की उंचीचा अंदाजच राहत नाही.

सातच्या आसपास दिल्ली गेट. सरोवराच्या बाजूला सकाळी पक्षी असतात, तिथे पोरांना थोडं मोकळं सोडता येतं आणि मोठ्यांना थर्मासमधला चहा घेता येतो. घाई करायची नाही.

पावणेआठपर्यंत मकाई. इथे जास्त वेळ द्या, वरचा सगळा क्रम इथेच करायचाय.

मग पाणचक्की आणि महमूद दरवाजा. लांबच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून इथवर आणलं आणि त्यावर जातं फिरवलं, हे मुलांना दाखवा. शुक्रवारी दुपारी नमाजामुळे गर्दी असते, तेव्हा टाळा. आणि तिथून मकबरा, जो लांब नाहीच.

हे सगळं करून नऊ-साडेनऊ वाजतात. कुणी थकलं असेल तर मकबरा सोडून द्या आणि संध्याकाळी करा, पण मकाईचा वेळ कापू नका. पाहुणे नेमकं तेच करतात, मकबऱ्याला दीड तास आणि मकाईला पाच मिनिटं.

९. पैठण गेट कधी

शेवटच्या संध्याकाळी, खरेदीला जाल तेव्हा. तो आता पूर्ण बाजारात उभा आहे, मोबाइल कव्हर, चपला, कपडे, गाड्यांचा आवाज. आधीचे तीन नीट बघितले असतील तर इथे तुम्हाला कुणी काही सांगायला लागत नाही, एवढ्या गर्दीतही नजर आपोआप कमानीकडे जाते. पाकीट पुढच्या खिशात, मुलांचे हात घट्ट, आणि गाडी इथेही लांबच. मग तसंच चालत गुलमंडीकडे निघा, इमरती खा, आणि नॉनव्हेज खाणारे असाल तर जुन्या शहरात कुणालाही नान-खलिया कुठे चांगला मिळतो विचारा. नान-खलियाला संध्याकाळी लवकर जा, उशीर केला की तो संपलेला असतो.